अवे तिकिटं नेमकी कुठं अडतात

मिरजेच्या एका तरुणानं विचारलंय: धाकटा भाऊ शिकायला मँचेस्टरला आहे. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेतल्या आपल्या आवडत्या क्लबचा तो दुसऱ्या वर्षीही सदस्य आहे. घरच्या मैदानावरचा सामना अधूनमधून बघायला मिळतो, पण अवे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या सामन्याचं तिकीट एकदाही मिळालेलं नाही. डिसेंबरात हा थोरला तिकडं जाणार आहे आणि दोघांना मिळून एक तरी अवे सामना बघायचाय. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये पाहुण्यांना तीनच हजार जागा, हे क्लब मुद्दाम करतात का, असा त्याचा सवाल आहे. शिवाय सांगलीतला एक ओळखीचा टेलिग्रामवरून तिकीट काढून देतो म्हणतोय, ते घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे बुडतात. घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परस्पर विकणं हा 1994 च्या फौजदारी कायद्यातल्या 166 व्या कलमाखाली गुन्हा आहे. क्लबची परवानगी नसेल तर छापील किमतीलाही विकता येत नाही. मैफलीच्या किंवा क्रिकेटच्या तिकिटाला असा कायदा नाही, म्हणून आपल्या माणसांना ते खरं वाटत नाही. बरं, आता बहुतेक तिकिटं फोनच्या वॉलेटमध्ये येतात आणि फोन फाटकावरच्या यंत्राला लावून आत जावं लागतं. स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचा काही उपयोग नाही. जे दलाल खरंच आत सोडतात, ते दुसऱ्या कुणाचं तरी सदस्यखातं वापरायला देतात. पकडलं गेलं तर तिकीट रद्द होतं, खातं बंद होतं आणि हजारो मैल प्रवास करून आलेला माणूस फाटकाबाहेर उभा राहतो. मी अशी माणसं पाहिली आहेत. त्यांत आपली मराठी बोलणारीही होती आणि त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटायचं.

मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका क्लबच्या तिकीट विभागात बरीच वर्षं नोकरी केली. शेवटची काही वर्षं अवे तिकिटांचं वाटप माझ्याकडंच होतं. आता विश्रामबागला असतो. त्यामुळं हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे: रागावलेल्या चाहत्याचा फोन घेणारा म्हणून, आणि शनिवारी रात्री सांगलीत टीव्हीसमोर बसून त्याच अवे स्टँडचा आवाज ऐकणारा म्हणून.

नियम असा आहे. प्रीमियर लीगमध्ये यजमान क्लबनं पाहुण्यांसाठी किमान 3,000 जागा ठेवायच्या. स्टेडियम 30,000 पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. म्हणजे बोर्नमथच्या साधारण 11,000 च्या मैदानावर अकराशेच्या आसपास जागा, आणि मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डच्या 74,000 मध्येही तीन हजारच. टक्केवारी काढली तर ओल्ड ट्रॅफर्डवर पाहुणे चार टक्के, आर्सेनलच्या एमिरेट्सवर पाच. टॉटनहॅमचं जुनं मैदान 36,000 चं होतं. 2019 मध्ये ते 62,000 च्या नव्या मैदानात गेले, पण पाहुण्यांच्या जागा वाढल्या नाहीत. एव्हर्टननं 2025 मध्ये गुडिसन पार्क सोडलं आणि जवळजवळ 53,000 च्या मैदानात बस्तान हलवलं, तिथंही आकडा तोच. मिरज जंक्शनवर गाडीला डबे वाढावेत आणि मिरजेचा कोटा मात्र जुनाच राहावा, तशातली गत. नियमात ‘किमान’ म्हटलंय, जास्त देऊ नका असं कुठंही लिहिलेलं नाही. तरी फारसं कुणी देत नाही.

का देत नाहीत, याची दोन कारणं आहेत. त्यातलं एक पूर्ण रास्त आहे.

अवे स्टँड म्हणजे नुसत्या खुर्च्या नव्हेत. त्या भागाला स्वतःची फाटकं लागतात, स्वतःची स्वच्छतागृहं, स्वतःचा खाण्यापिण्याचा काउंटर, बाहेर पडायची स्वतंत्र वाट. दोन चाहत्यांच्या मध्ये रिकाम्या खुर्च्यांचा पट्टा सोडून त्यावर जाळी ताणतात आणि जाळीच्या दोन्ही अंगांना पिवळ्या जॅकेटातले स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरची गर्दी सांभाळणारे कर्मचारी, उभे राहतात. सामन्याच्या आदल्या आठवड्यात आमचे सुरक्षा अधिकारी स्टँडचा नकाशा टेबलावर पसरायचे आणि जाळी एक ओळ इकडं घ्यायची की तिकडं, यावर तासभर चर्चा चालायची. जाळी एक जिना ओलांडून सरकवली की तो जिना कुणाचा, हा प्रश्न येतो. जिना सामायिक ठेवता येत नाही. मग एका ओळीसाठी अख्खा ब्लॉक सोडावा लागतो. ब्लॉक सोडला की तिथल्या सीझन तिकीटवाल्या, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट काढलेल्या आजीआजोबांना उठवायचं कुठं? वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसणारी माणसं असतात ती.

या काटेकोरपणामागं 15 एप्रिल 1989 चा दिवस आहे. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या बाजूला पिंजऱ्यासारख्या भागात गर्दी चेंगरली आणि 97 माणसं गेली. कित्येक वर्षं दोष चाहत्यांच्या माथी मारला गेला. शेवटी 2016 मध्ये ज्यूरीनं स्पष्ट सांगितलं की चाहत्यांचा दोष नव्हता, पोलिसांची गर्दी हाताळणी चुकली होती. त्या दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालामुळं लीगच्या वरच्या दोन विभागांत उभं राहून बघायच्या जागा जाऊन सगळीकडं खुर्च्या आल्या. प्रत्येक मैदानाला स्थानिक प्रशासनाचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं आणि कुठल्या ब्लॉकमध्ये किती माणसं बसतील, हे त्यावर ठरतं. तेव्हा ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ हे शब्द ऐकून लगेच चिडू नका. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांना गर्दी कुठल्या क्षणी कशी फिरते हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण पैशाचं. इथं चाहत्यांचा राग अगदी बरोबर आहे. प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाची किंमत 30 पौंडांच्या वर नेता येत नाही. 2016-17 च्या हंगामापासून ही मर्यादा आहे. घरच्या चाहत्यांच्या तिकिटाला अशी मर्यादा नाही आणि लीगच्या सामन्याचं सगळं तिकीट-उत्पन्न यजमानांचं. तीच खुर्ची पाहुण्याला दिली तर 30 पौंड, घरच्याला दिली तर कितीतरी जास्त, आणि जेवणासकटच्या हॉस्पिटॅलिटीत घातली तर विचारूच नका. मग तीन हजारांच्या वर एक खुर्ची तरी कोण देईल? मैदानाची पुनर्बांधणी होते तेव्हा अवे स्टँड वाढवणं अवघड नसतं, कारण जिने, फाटकं सगळं नव्यानंच आखायचं असतं. तरी आकडा वाढत नाही. याला सुरक्षा म्हणता येणार नाही.

मर्यादा आली कशी, हेही सांगण्यासारखं आहे. जानेवारी 2013 मध्ये मँचेस्टर सिटीचा सामना आर्सेनलकडं होता आणि अवे तिकीट होतं 62 पौंडांचं. सिटीच्या वाट्याची तीन हजारांपैकी शेकडो तिकिटं खपली नाहीत, परत गेली. त्या काळात चाहत्यांच्या संघटनेनं ‘ट्वेंटीज प्लेंटी’ म्हणजे वीस पौंड पुरेत, अशी मोहीम चालवली. प्रतिस्पर्धी क्लबांचे चाहते एका बॅनरखाली उभे राहिले. वीस नाही, पण तीस तरी मिळाले. तो विजयच होता आणि मी तो मनापासून मानतो. फक्त त्याचा एक परिणाम झाला: किंमत परवडू लागली आणि टंचाई वाढली. पूर्वी जी तिकिटं महाग म्हणून परत यायची, तीच आता पहिल्या तासाला संपतात. म्हणून मर्यादा काढा, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. पैशानं रांग छोटी केली की गरीब माणूस सगळ्यांत आधी रांगेबाहेर पडतो.

नियमच नसेल तर काय होतं, ते स्कॉटलंडमध्ये दिसलं. रेंजर्स आणि सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबांत एकमेकांना साधारण सात हजार जागा देण्याची रीत होती. 2018 मध्ये रेंजर्सनी त्या आठशेच्या आसपास आणल्या, कारण तोच स्टँड त्यांना स्वतःच्या सीझन तिकिटांना हवा होता. सेल्टिकनंही तेच केलं. पुढं भांडण इतकं ताणलं की काही सामने पाहुण्यांशिवायच झाले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या डर्बींपैकी, म्हणजे एकाच गावातल्या क्लबांच्या लढतींपैकी एक, आणि एका बाजूला चिडीचूप. 2025 उजाडता उजाडता पाहुणे परतले, तेही सुमारे पाच टक्केच. युरोपीय स्पर्धांतही पाहुण्यांना पाच टक्केच मिळतात. अर्जेंटिनात 2013 मध्ये एका चाहत्याचा बळी गेल्यावर पाहुण्या चाहत्यांना मैदानाची दारंच बंद झाली. एवढं पाहिल्यावर इंग्लंडचा तीन हजारांचा नियम ही चाहत्यांची ढाल आहे हे पटतं. तो वाढवा म्हणून भांडावं, पण मोडीत निघू देऊ नये.

आता खरी गोष्ट. तुमच्या भावाचं तिकीट यजमान क्लबनं अडवलेलं नाही. ते त्याच्या स्वतःच्या क्लबमध्ये अडलंय.

यजमानांकडून तीन हजार तिकिटं आली की ती पाहुणा क्लब स्वतः वाटतो. त्यातून आधी खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी, प्रायोजक यांचा वाटा बाजूला निघतो. व्हीलचेअरवाल्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या जागा वेगळ्या. काही क्लबांत अवे सीझन तिकीट असतं, म्हणजे प्रत्येक अवे सामन्याची जागा आधीच ठरलेली. उरलेली तिकिटं पॉइंटवर जातात. अवे सामन्याला गेलात की पॉइंट. ज्याचे पॉइंट सर्वांत जास्त त्याला पहिल्या दिवशी खिडकी उघडते, त्याच्याखालच्याला दुसऱ्या दिवशी, असं करत उतरायचं. मोठ्या सामन्याला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच तिकिटं संपतात. नव्या सदस्याची पाळीच येत नाही. पॉइंट मिळायला तिकीट हवं आणि तिकीट मिळायला पॉइंट हवेत. यात तुमचा भाऊ बाहेर राहिला तर नवल नाही.

विक्रीच्या सकाळी आमच्याकडं फोन थांबायचे नाहीत. एक फोन मला आजही आठवतो. एका गृहस्थांचे पॉइंट भरपूर होते, त्यांना तिकीट मिळालं होतं. मुलगी सोळा वर्षांची, तिचे पॉइंट जेमतेम. तिला त्यांच्या शेजारी बसवता येईल का, एवढंच ते विचारत होते. आमच्या नियमात ते बसत नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःचं तिकीट परत घ्या म्हणाले. आवाज चढवला नाही. ते तिकीट पाच मिनिटांत दुसऱ्या जुन्या सदस्याला गेलं, आणि त्या मुलीचं अवे सामना बघायचं वर्षही गेलं.

यावर लोक उपाय काढतात आणि तिथून घोळ सुरू होतो. तिकीट घ्यायचं, पॉइंट आपल्या नावावर जमा करायचे आणि जायला मित्राला द्यायचं. आजोबांचं खातं नातू चालवतो, सोडून गेलेल्या मित्राचं खातं गट चालवतो. कागदावर निष्ठावान दिसणाऱ्या कित्येकांनी वर्षभरात मैदान पाहिलेलं नसतं. म्हणून आता काही क्लब अचानक काही जणांची तिकिटं सामन्याच्या गावीच, ओळखपत्र बघून हातात देतात. हे कडक वाटतं, पण मी याच्या बाजूचा आहे. आमच्याकडं हे सुरू झालं तेव्हा आरडाओरडा झाला, पण त्यानंतर बरीच झोपलेली खाती गळाली आणि खालच्या पायरीपर्यंत तिकिटं पोचली.

पॉइंट पद्धत बंद करा, असं मात्र मी म्हणणार नाही. संघ तळाला असताना, पावसात, मंगळवारी रात्री, तीनशे मैल जाऊन हरलेला सामना बघणारी माणसं आहेत. सामना टीव्हीसाठी सोमवारी सरकवला की त्यांची शेवटची गाडी चुकते, ती बसस्टँडवर रात्र काढतात आणि पुढच्या वेळी पुन्हा येतात. त्यांचा हक्क काढून घेणं अन्याय होईल. पण शंभरातल्या दहा-पंधरा जागा पॉइंट न बघता सोडतीनं द्याव्यात आणि त्यातल्या काही पंचवीस वर्षांखालच्यांना राखाव्यात, हे मी नोकरीत असताना मांडलं, आजही मांडतो. काही क्लब थोडा वाटा सोडतीला ठेवतातही. जुन्या चाहत्यांचा याला विरोध असतो आणि तो मला समजतो, पण स्टँडमधले चेहरे दर हंगामाला एकेक वर्षानं म्हातारे होताना मी जाळीजवळ उभं राहून पाहिलेत.

त्याआधी एक साधी मागणी करता येते: प्रत्येक अवे सामन्याची वाटणी जाहीर करा. किती आली, किती आत राहिली, किती पॉइंटवर गेली, कितव्या पायरीला संपली. चार ओळींचा हिशेब. जिथं तो देतात तिथं भांडणं कमी होतात, हे मी पाहिलंय. जिथं देत नाहीत तिथं प्रायोजकांनी निम्मी नेली असली काहीबाही अफवा उठते आणि तिला उत्तर द्यायला कुणी नसतं. प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबात आता चाहत्यांचं सल्लागार मंडळ आहे. तुमच्या भावानं त्यातल्या प्रतिनिधीला याबद्दल पत्र लिहावं. विद्यार्थी आहे, परदेशी आहे म्हणून संकोच करू नये. वर्गणी भरतो, तेवढा अधिकार त्याचा आहे.

अवे सामन्यासाठी एवढा जीव का टाकतात, असं घरचे विचारतील तर त्यांना 24 एप्रिल 2024 चा गोव्यातल्या फातोर्ड्याचा सामना दाखवा. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी, एफसी गोवा दोन गोलांनी पुढं, आणि नव्वदाव्या मिनिटापासून मुंबई सिटीनं तीन गोल मारले. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं गेलेली काही मुलं मला माहीत आहेत. अख्खं स्टेडियम गप्प झालेलं आणि एका कोपऱ्यातली मूठभर माणसं ओरडतायत, हे टीव्हीवर कळत नाही.

आता डिसेंबरचं. लिव्हरपूल, युनायटेड असल्या मोठ्या मैदानांवरचा अवे सामना डोक्यातून काढा. घरच्या चाहत्यांच्या भागात तिकीट काढून गपचूप बसायचा विचार असेल तर तोही काढा. आपल्या संघाच्या गोलला उठून उभे राहिलात की स्टुअर्ड बाहेर काढतात, आणि ते तुमच्याच सुरक्षेसाठी असतं. भावानं लांबच्या, आडवेळेच्या, टीव्हीसाठी हलवलेल्या सामन्यांवर नजर ठेवावी. वेळ बदलली की जुन्या माणसांची तिकिटं परत येतात आणि ती शेवटच्या दोन-तीन दिवसांत क्लबच्या साइटवर पुन्हा दिसतात. असं एखादं मिळालं की पहिला पॉइंट झाला. तिकीट हाताशी नसताना रेल्वेचं आरक्षण मात्र करू नका. 25 डिसेंबरला तिकडं गाड्या धावतच नाहीत आणि 26 ला नावालाच, त्या दिवशी सामना असेल तर चाहत्यांच्या बसनंच जावं लागेल.

नुसता अवे स्टँडचा अनुभव हवा असेल तर खालचे विभाग धरा. तिथं पाहुण्यांना 2,000 किंवा 10 टक्के, यातलं जे कमी ते मिळतं, आणि लीग वन, लीग टू या तिसऱ्या-चौथ्या विभागांत ते बहुतेकदा भरतही नाही. मँचेस्टरजवळच्याच स्टॉकपोर्ट काउंटी किंवा सॉलफर्ड सिटीच्या चाहत्यांबरोबर एखाद्या शनिवारी बाहेरगावी जा. बसमध्ये अनोळखी माणूस पाहून चौकशी करतील, सांगलीचं भडंग पुढं केलंत तर जागाही देतील.

आणि जमलं तर परतीचं विमान जानेवारीच्या मध्यावर घ्या. जानेवारीच्या सुरुवातीला एफए कपची तिसरी फेरी असते आणि प्रीमियर लीगचे क्लब त्या फेरीत उतरतात. या स्पर्धेत पाहुण्यांना क्षमतेच्या 15 टक्क्यांपर्यंत तिकिटं मागता येतात. 2010 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लीड्सची जवळपास नऊ हजार माणसं होती, ती याच नियमानं, आणि लीड्स 1-0 जिंकलंही. तुमच्या क्लबला एखादं मोठं मैदान मिळालं तर पॉइंटची पायरी बरीच खाली येते, कधी कधी साध्या सदस्यापर्यंत. कुणाची गाठ कुणाशी, याची सोडत डिसेंबरच्या सुरुवातीला निघते. ती बघून भावाला त्याच संध्याकाळी विक्रीच्या तारखा काढायला सांगा आणि तुमचंही सदस्यत्व त्याआधी करून ठेवा, कारण पाहुण्यालाही तिकीट सदस्याच्याच नावावर निघतं.